शाळेशेजारचा रस्ता आणि पानांवरची धूळ : झाडांकडून नेमकं काय मिळतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेच्या मैदानाला लागून दिवसभर वाहता रस्ता आहे. खिडक्यांच्या गजांवर रोज काळी धूळ साचते, मुलांचा खोकला हटत नाही. काही पालक म्हणतात, मैदानाच्या कडेने झाडं लावू, हवा स्वच्छ होईल. काहींचं म्हणणं, झाडांनी काही फरक पडत नाही, पैसा आणि कष्ट वाया जातील. मग झाडांनी प्रदूषण खरंच कमी होतं का, होत असेल तर कोणती लावावीत, आणि यंत्रं नसताना झाडांवरूनच हवेची अवस्था ओळखता येते का?

मी २२ वर्षं हेच काम करते आहे. पानं, दगडफुलं, शेवाळ गोळा करायचं, त्यावरून तिथली हवा कशी आहे ते वाचायचं, आणि मग कुठे काय लावलं तर उपयोग होईल ते सांगायचं. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. बहुतेक ठिकाणी लोक आधी रोपं आणतात, मग जागा शोधतात, आणि हवा तपासायची राहूनच जाते. झाड हवा साफ करतं त्याच्या कितीतरी पट चांगलं ती कशी आहे ते सांगतं. ते आधी ऐकून घेतलं, तर लावलेल्या झाडांचा उपयोगही होतो.

झाडांच्या खोडांवर, जुन्या भिंतींवर राखाडी, हिरवट, कधी पिवळेधमक पापुद्रे दिसतात. त्यांना आपण दगडफूल म्हणतो, शास्त्रात लायकेन. हे एकटं रोप नव्हे, बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार आहे. त्याला मूळ नाही, पानाला असतो तसा मेणाचा थर नाही, रंध्रं मिटून घ्यायची सोय नाही. अन्नपाण्याची सगळी भिस्त हवेवर आणि पावसावर. त्यामुळे हवेत जे असेल ते थेट त्याच्या आत जातं. विल्यम नायलँडर या फिनलंडच्या अभ्यासकाने १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या दगडफुलांची नोंद केली. शहरात इतरत्र न दिसणाऱ्या जाती त्याला तिथे सापडल्या, आणि त्या बागेतली हवा जास्त निरोगी असल्याची ही खूण आहे असं त्याने मांडलं. १८९६ पर्यंत बागेतलीही दगडफुलं गेली होती. पुढे १९७० मध्ये डेव्हिड हॉक्सवर्थ आणि फ्रान्सिस रोझ यांनी इंग्लंड आणि वेल्ससाठी ० ते १० अशी पट्टी बनवली. खोडावर कोणत्या जाती आहेत एवढं पाहून हिवाळ्यातल्या सल्फर डायऑक्साइडचा अंदाज बांधता येऊ लागला. कोळशाचा धूर कमी झाल्यावर लंडनमध्ये दगडफुलं परतू लागली, तेव्हा त्याचीही नोंद याच दोघांनी १९८१ मध्ये केली.

ही गोष्ट सगळेच सांगतात, पण तिच्यावर थांबलं तर आजच्या शहरात फसगत होते. ती पट्टी सल्फरसाठी होती. आज वाहत्या रस्त्याकडेला मुख्य त्रास आहे तो नायट्रोजनच्या संयुगांचा आणि बारीक कणांचा, आणि नायट्रोजन काही दगडफुलांना खत म्हणून चालतो. झँथोरिया नावाचं पिवळं-नारिंगी दगडफूल अशा ठिकाणी चांगलं फोफावतं. म्हणजे रस्त्याकडेच्या खोडावर पिवळे पापुद्रे भरपूर दिसले तर ‘दगडफूल आहे, म्हणजे हवा चांगली’ असा निष्कर्ष काढू नका. पूर्वी सल्फरच्या धुरात तगून राहणारं लेकॅनोरा कोनिझेऑइड्स हे दगडफूल तर हवेतला सल्फर कमी झाल्यावर उलट दुर्मीळ झालं. म्हणून नुसतं ‘आहे की नाही’ हे पाहून भागत नाही, कोणतं आहे ते पाहावं लागतं. सरळ, निरोगी, एकाच जातीची झाडं निवडा. खोडाच्या चारही बाजूंना, जमिनीपासून साधारण १ मीटरच्या वर, १० सेंटीमीटरचे पाच चौकोन एकाखाली एक आखा आणि कोणत्या चौकोनात कोणती जात आहे ते लिहा. नावं येत नसतील तर आधी रूपावरून नोंद करा : खोडाला रंगासारखं घट्ट चिकटलेलं, पानासारखं कडा उचललेलं, की दाढीसारखं लोंबणारं. दाढीसारखी रूपं सहसा सगळ्यांत नाजूक. हवा बिघडली की आधी ती जातात.

शेवाळाचं, म्हणजे खोडावरच्या हिरव्या मखमली मॉसचं, काम वेगळं. ते धातू साठवतं. त्यालाही खरी मुळं नसतात, आणि शिसं, कॅडमियम, निकेल यांचे कण त्याच्या बारीक पानांत अडकून राहतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये ही पद्धत रुजली आणि आज युरोपभर ठरावीक वर्षांनी अशी पाहणी होते. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातलं उदाहरण मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. तिथल्या वनसेवेच्या संशोधकांनी २०१३ च्या डिसेंबरमध्ये शहरभरातल्या झाडांवरून शेवाळाचे ३४६ नमुने घेतले. नकाशावर आकडे मांडले तेव्हा शहराच्या एका भागात कॅडमियम एकदम वर गेलेलं दिसलं. शेजारी रंगीत काच बनवणारा कारखाना होता. सरकारी यंत्रणेची हवा मोजणारी यंत्रं तोवर तिथे नव्हती. मग ती बसवली गेली आणि शेवाळाने सांगितलेलं खरं निघालं. २०१६ मध्ये हे जाहीर झाल्यावर त्या कारखान्यात कॅडमियमचा वापर थांबला आणि नियमही कडक झाले. शेकडो ठिकाणी एकाच वेळी यंत्रं बसवणं कुणालाच परवडत नाही, पण शेवाळ आधीच तिथे असतं, वर्षानुवर्षं बसून असतं. यंत्र कुठे बसवायचं हे त्याने दाखवलं. झाडांवरून हवा वाचण्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

तिसरा प्रकार पानांवरच्या डागांचा. जमिनीलगतच्या हवेतला ओझोन हा प्रदूषक वायू ओळखण्यासाठी तंबाखूचा बेल-डब्ल्यू ३ नावाचा वाण जगभर वापरला गेला, कारण इतर झाडांना काही होण्याआधी त्याच्या पानांवर ठिपके उमटतात. ग्लॅडिओलसच्या पानांची टोकं फ्लोराइडने जळतात, आणि जळलेला भाग व हिरवा भाग यांच्यामध्ये स्वच्छ रेघ दिसते. सल्फर डायऑक्साइडमुळे शिरांमधला भाग दोन्ही बाजूंनी पांढरट पडतो, शिरा मात्र हिरव्या राहतात. ओझोनचे ठिपके पानाच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या जागेत येतात, कोवळ्यापेक्षा जुन्या पानांवर जास्त. एक पान दुसऱ्यावर आडवं असेल तर झाकलेल्या भागावर ठिपके नसतात. ही खूण मला फार आवडते. वरचं पान हलकेच बाजूला करा, खालच्या पानावर त्याची सावली जशीच्या तशी हिरवी छापलेली दिसते.

इथे एक कळकळीची सूचना. पान खराब दिसलं की प्रदूषणावर खापर फोडू नका. एकदा मला रस्त्यालगतचं कुंपण पाहायला बोलावलं होतं. सगळी पानं करपल्यासारखी, तांबूस झालेली, आणि सगळ्यांची खात्री की हा गाड्यांचा धूर. मी एक पान उलटं केलं, खाली पांढरा कागद धरला आणि पानावर टिचकी मारली. कागदावर बारीक ठिपके पडले आणि ते चालू लागले. लाल कोळी होता. पाण्याचा ताण, जमिनीतलं मीठ, पोटॅशची कमतरता, कोळी, बुरशी, या सगळ्यांनी जवळपास सारखेच डाग पडतात. म्हणून नेहमी तुलना करा. तीच जात, तेच वय, तशीच माती, फक्त रस्त्यापासून लांब. ती झुडपं ठणठणीत असतील तरच रस्त्याकडे बोट दाखवा.

तुमच्या शाळेसाठी मात्र मी याहून सोपं काम सुचवेन. पानांवरची धूळ मोजा. मुलं ते स्वतः करू शकतात. चांगला पाऊस पडून गेल्यावर सात कोरडे दिवस जाऊ द्या. आठव्या दिवशी सकाळी मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूने एकाच जातीच्या तीन झुडपांची प्रत्येकी दहा पूर्ण वाढलेली पानं तोडा, तीही जमिनीपासून १ मीटर उंचीवरची, कारण लहान मुलाचं नाक तिथे असतं. देठाला धरून तोडा, पानाच्या पात्याला बोट लावू नका. दहा पानांचं एक स्वच्छ पाकीट करा आणि त्यावर जागा, तारीख, वेळ लिहा. तसंच मैदानाच्या मध्यावर आणि रस्त्यापासून सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात. प्रयोगशाळेत एक फिल्टर पेपर वाळवून ०.००१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला. पानं डिस्टिल्ड वॉटरमध्ये मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी धुवा, ते पाणी त्या कागदातून गाळा, कागद पुन्हा पूर्ण वाळवा आणि तोला. मग पानं आलेखकागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा आणि चौकोन मोजून क्षेत्रफळ काढा. समजा कागदाचं वजन ३४ मिलिग्रॅमने वाढलं आणि दहा पानांचं मिळून क्षेत्रफळ ६८० चौरस सेंटीमीटर भरलं, तर दर चौरस सेंटीमीटरला ०.०५ मिलिग्रॅम धूळ. गाळलेला कागद उजेडात धरून त्याचा रंगही पाहा. मातीची धूळ तपकिरी दिसते. धुराची काजळी आणि टायरची झीज काळी दिसते आणि बोटाला तेलकट लागते.

हा आकडा म्हणजे हवेतल्या कणांचं प्रमाण नव्हे. पानावरच्या धुळीचं वजन मुख्यतः मोठ्या कणांचं असतं. फुप्फुसात खोल जाणारे पीएम २.५ कण, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, संख्येने कितीही असले तरी वजनात नगण्य भरतात. माणसाचा केस त्यांच्या २०-३० पट जाड असतो, यावरून अंदाज करा. पण या आकड्यांमुळे मैदानाचा नकाशा तयार होतो. धूळ कुठून येते, कुठपर्यंत पोचते, फाटकाजवळ जास्त आहे का, हे एका आठवड्यात कळतं. जवळच्या विद्यापीठात पानांचं चुंबकीय मापन होत असेल तर तीच पानं तिकडे पाठवा. ब्रेकच्या झिजेतून आणि इंजिनातून येणाऱ्या लोहकणांमुळे पानांमध्ये बारीकसं चुंबकत्व येतं, आणि ते वाहनांच्या प्रदूषणाचं वजनापेक्षा जास्त नेमकं चित्र देतं. हवेतले कण मोजणारा छोटा सेन्सर मिळाला तर तोही जोडीला ठेवा, फक्त दमट दिवशी तो कण फुगवून सांगतो हे ध्यानात असू द्या.

आता मूळ प्रश्न. झाडांनी प्रदूषण कमी होतं का?

पान दोन प्रकारे काम करतं. वायू रंध्रांतून आत जातात. ओझोन आत जाऊन मोडतो, नायट्रोजन डायऑक्साइड काही अंशी पानाच्या पोषणात मिसळतो. कण मात्र पृष्ठभागावर अडकतात, आणि इथली भौतिकी समजून घेण्यासारखी आहे. मोठा कण जडपणामुळे खाली बसतो. मध्यम कण वाऱ्याबरोबर येतो, पानाजवळ वारा वळसा घेतो, पण कणाला तितक्या चपळाईने वळता येत नाही, म्हणून तो पानावर आदळतो. अतिबारीक कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी सैरभैर फिरत असतो आणि असाच कधी पानाला लागतो. यांच्या मधले, साधारण ०.१ ते १ मायक्रॉनचे, ना जड ना सैरभैर. ते वाऱ्याबरोबर अलगद वळसा घालून निघून जातात. आणि श्वासातून आत जाणाऱ्या काजळीचा मोठा वाटा नेमका या आकारात असतो.

शिवाय अडकलेला कण कायमचा अडकत नाही. पाऊस त्याला धुऊन जमिनीवर आणतो, जोराचा वारा पुन्हा हवेत उडवतो, पान गळलं की त्याच्याबरोबर खाली येतो. म्हणून गळलेली पानं जाळणं हा मला सगळ्यांत जिव्हारी लागणारा प्रकार वाटतो. वर्षभर झाडाने जे धरून ठेवलं ते एका संध्याकाळी धुरासकट मुलांच्या नाकात जातं. पानं कुजवा. रस्त्याला अगदी लागून पडलेली पानं खाण्याच्या भाज्यांच्या वाफ्यात घालू नका, शोभेच्या झुडपांच्या बुंध्याशी घाला.

शहराच्या पातळीवरचे आकडे मोठे वाटतात. डेव्हिड नोवाक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार अमेरिकेतली शहरी झाडं वर्षाला सुमारे ७ लाख ११ हजार टन प्रदूषकं हवेतून काढतात. पण त्याच अभ्यासात हेही आहे की त्यामुळे हवेच्या गुणवत्तेत पडणारा फरक बहुधा १ टक्क्याच्या आतच असतो. दोन्ही खरं आहे. शहरावरची हवा शेकडो मीटर उंच असते आणि पानं तिच्या तळाच्या पातळ थराला शिवतात. तेव्हा ‘झाडांनी शहराची हवा स्वच्छ होईल’ म्हणणारे पालक आकड्यांत हरतात. आणि ‘झाडांनी काही फरक पडत नाही’ म्हणणारेही चुकतात, कारण तुम्हाला शहराची हवा बदलायची नाहीच. तुम्हाला सायलेन्सरचं तोंड आणि मुलाचं नाक यांच्यातली काही मीटर हवा बदलायची आहे. तिथे झाड भिंतीचं काम करतं. धुराला वर उचलतं, वळवतं, पातळ करतं, आणि जाता जाता थोडं गाळतं. इंग्लंडमधल्या लँकेस्टरला बार्बरा माहेर यांच्या गटाने रस्त्यालगतच्या काही घरांसमोर बर्चची कोवळी झाडं कुंड्यांत लावून काही दिवस ठेवली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजणीत त्या घरांच्या आतले कण निम्म्याहून जास्त घटले होते. प्रयोग लहान होता आणि सगळीकडे तेवढा फरक पडेल असं मी म्हणणार नाही. पण जागा बरोबर निवडली की काय होऊ शकतं ते त्यातून दिसतं.

जागा चुकली तर उलटं होतं, आणि ते मी स्वतः पाहिलं आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका अरुंद रस्त्यावर, दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या, दुतर्फा घेरदार झाडं लावायचा सल्ला मी दिला होता. आठ-नऊ वर्षांत दोन्हीकडचे शेंडे मधोमध मिळाले, सुंदर हिरवा बोगदा झाला, सावली पडली, लोक खूश झाले. मग पदपथावर मोजणी केली तेव्हा झाडं नसलेल्या शेजारच्या तशाच रस्त्यापेक्षा इथली हवा वाईट निघाली. कारण नंतर नीट कळलं. इमारतींची उंची रस्त्याच्या रुंदीपेक्षा जास्त असते तेव्हा वरून जाणारा वारा रस्त्यात एक भोवरा तयार करतो आणि तोच भोवरा धूर वर नेऊन टाकतो. झाडांच्या छताने भोवऱ्याची गती मोडते आणि धूर खालीच कोंडतो. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या बोगद्यात रस्त्याच्या छोट्या प्रतिकृती ठेवून हे दाखवलं आहे. त्या रस्त्यावर नंतर आम्ही फांद्या विरळ करायला लावल्या आणि पदपथाच्या कडेने कमरेएवढी दाट झुडपं लावली. तेव्हापासून मी रोपांची यादी विचारणाऱ्यांना आधी रस्त्याची रुंदी आणि इमारतींची उंची विचारते.

तुमचं मैदान मोकळं आहे, म्हणजे तुमचा प्रकार सोपा. इथे दाट हिरवी भिंत हवी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६ मध्ये रस्त्याकडेच्या अशा हिरव्या अडसरांसाठी शिफारशी दिल्या. ढोबळपणे त्यांचं सांगणं असं की उंची ५ मीटरच्या वर असावी, जाडी शक्य तर १० मीटर, बाराही महिने पानं असावीत आणि जमिनीपासून शेंड्यापर्यंत कुठेही भोक नसावं. शाळेकडे १० मीटर जाडीची जागा नसते. २-३ मीटर जाडीची, खरोखर दाट रांगही कामाची असते. पण भोकांच्या बाबतीत तडजोड करू नका. लोक रस्त्याकडेला सरळसोट खोडाची झाडं लावतात. घेर वर चार मीटरवर, आणि खाली मोकळं. धूर खालूनच येतो, मुलंही खालीच असतात. झाड मधल्या हवेत नुसतं उभं. दोन झुडपांमधल्या फटीतून तर वारा जोराने घुसतो आणि फटीच्या मागे धूर जास्तच मिळतो. हे पाहायचं असेल तर १ मीटर उंचीवर रांगेच्या मागे दर दोन पावलांवर काठ्या रोवा आणि प्रत्येकीला हलक्या कापडाची फीत बांधा. जिथे फीत ताठ उडते तिथे भिंतीला भोक आहे. म्हणून दोन थर लावा : रस्त्याकडे बुंध्यापासून फुटणारी दाट झुडपं, त्यामागे खालपर्यंत फांद्या राखलेली उंच झाडं. रांग मैदानाच्या दोन्ही टोकांच्या पुढे न्या, नाहीतर कडेने वळसा घालून धूर आत येतो. कुंपणाची पक्की भिंत असेल तर ती पाडू नका, तिच्या आतून रांग लावा. भिंत आणि झाडं मिळून नुसत्या झाडांपेक्षा चांगलं काम करतात.

जातींबद्दल. धूळ धरायला खरबरीत, लव असलेली, मेणचट, लहान किंवा कातरलेली पानं चांगली. गुळगुळीत मोठ्या पानावरची धूळ वाऱ्याने चटकन जाते. नॉर्वे आणि पोलंडमध्ये ४७ जातींची तुलना झाली, त्यात पाइन, यू (हेही पाइनसारखं सूचिपर्णी झाड) आणि बर्च वरच्या क्रमांकावर आले. पण ही यादी उचलून लावू नका. तुमच्या हवामानात, त्याच रस्त्यावर, धुळीत आणि कडक उन्हात आधीपासून जगलेली झुडपं कोणती ते फिरून पाहा. मेलेलं झाड काहीच गाळत नाही. शाळा आहे म्हणून विषारी झाडांबद्दल कडक राहा. कण्हेर रस्त्याकडेला उत्तम जगते, म्हणून ती सर्रास सुचवली जाते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. यूचंही जवळपास तेच, बीभोवतीचा लाल गर तेवढा सोडून. मैदानाच्या कडेला ती नकोत.

अशा याद्यांमध्ये एपीटीआय नावाचा आकडा दिसेल. पानातलं क जीवनसत्त्व, हरितद्रव्य, रसाची आम्लता आणि पाण्याचं प्रमाण मोजून तो काढतात. १९८३ मध्ये सिंग आणि राव यांनी मांडलेलं हे सूत्र उपयोगी आहे, पण झाड प्रदूषण सोसू शकतं का, एवढंच ते सांगतं. ते किती प्रदूषण काढतं हे सांगत नाही. जास्त एपीटीआयचं झाड ‘हवा शुद्ध करणारं’ म्हणून खपवलं जातं, तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

आणखी दोन गोष्टी यादीत सहसा नसतात. काही झाडं स्वतःच आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात, विशेषतः ऊन तापल्यावर. निलगिरी, पॉपलर, विलो आणि ओकच्या बऱ्याच जाती यांत मोडतात. गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडशी उन्हात त्याची गाठ पडली की ओझोन तयार होतो. चार-दोन झाडांनी बिघडत नाही, पण वाहत्या रस्त्याकडेला शेकडोंनी लावताना याचा विचार हवा. दुसरं परागकण. बर्च धूळ छान धरतो, पण त्याचे पराग अनेकांना दम्याचा त्रास देतात. ज्या मुलांसाठी हे सगळं चाललंय, त्यांतल्या काहींना आधीच दमा असेल. वाऱ्यावर पराग सोडणाऱ्यांपेक्षा कीटकांवर परागीभवन सोपवणारी झुडपं शाळेसाठी बरी.

पाणीही विसरू नका. तहानलेलं झाड रंध्रं मिटून घेतं, आणि कडक उन्हात, जेव्हा ओझोन सर्वांत जास्त असतो, तेव्हाच त्याचं वायू शोषणं थांबतं. पहिली दोन-तीन वर्षं पाण्याची जबाबदारी कुणाची, हे रोपं आणण्याआधी ठरवा.

वर्गात कुंड्या ठेवायच्या का, हेही पुढे विचारलं जाईलच. ठेवा, वर्ग प्रसन्न वाटतो. हवा मात्र त्यांनी शुद्ध होणार नाही. १९८९ च्या नासाच्या अभ्यासाचा दाखला देतात, पण तो बंद पेटीतला प्रयोग होता. २०१९ मध्ये कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी जुने प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला, तेव्हा खोलीतली हवा नेहमी जशी बदलत असते तेवढं काम करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० कुंड्या लागतील असं निघालं. रस्त्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी उघडा, ते जास्त उपयोगाचं.

आणि मनापासून एक सांगते, जरी मला झाडांबद्दल विचारलं असलं तरी. रस्त्यावरचा धूर पहिल्या शंभर-दीडशे मीटरांतच झपाट्याने पातळ होतो. शाळेचं फाटक रस्त्याकडून मागच्या गल्लीत नेता आलं, मुलांना घ्यायला आलेल्या गाड्यांची इंजिनं फाटकासमोर बंद ठेवायला लावता आली, खेळाचा तास सकाळच्या गर्दीतून काढून पुढे सरकवता आला, तर त्याचा फरक पहिल्या दिवसापासून पडतो. झुडपं दाट व्हायला तीन-चार वर्षं लागतील. दोन्ही करा, पण फाटकाचं या महिन्यात करा.

तोवर पानांचं काम सुरू करा. एक जाड वही घ्या. पहिल्या पानावर मैदानाचा नकाशा काढा, रस्ता, फाटक, इमारत आणि वारा बहुतेक वेळा कुठून येतो ते दाखवा, आणि ज्या झुडपांची पानं तोडाल त्यांना क्रमांक देऊन त्यावर लिहा. हिरवी भिंत लावण्याआधी निदान तीन वेळा धूळ मोजून ठेवा, वेगवेगळ्या ऋतूंत, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? दर वेळी तीच झुडपं, तीच उंची, पावसानंतरचे तेवढेच कोरडे दिवस. गाळलेले फिल्टर पेपर फेकू नका, वाळवून तारखेसकट वहीतच चिकटवा.